ध्रुवयानातली नायला

पार्सल सोमवारी सकाळी अकराला आलं आणि राघोने ते दुपारपर्यंत चार ठिकाणी ठेवून पाहिलं. आधी टीव्हीखाली, मग कपाटावर, मग शिलाईच्या मशीनमागे, आणि बायकोने डोळे वटारल्यावर पुन्हा टीव्हीखाली. पुठ्ठ्याचं विटेएवढं खोकं. वर लेकीचं नाव, धनश्री, आणि त्यांच्या सुरतेतल्या लिंबायतच्या घराचा पत्ता. आत काय आहे हे त्याला दोन आठवड्यांपासून माहीत होतं, आणि तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

"बॉम्ब शे का त्यामा?" सरलाबाईने विचारलं. विचारताना ती त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. या घरात राघोशी बोलायचं तर समोर येऊनच बोलायचं, कारण त्याचे कान कामातून गेले होते आणि तो ओठ बघून बोलणं ओळखायचा.

"तुले काय समजस?" राघो म्हणाला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

खोक्यात बॉम्ब नव्हता, पण राघोला तो परवडला असता. खोक्यात 'ध्रुवयान' होतं. एक्याण्णव साली दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारी परदेशी मालिका, हिंदी आवाज चढवलेली. एक यान, सात माणसं, आणि आभाळात दर आठवड्याला नवं संकट. तेव्हाच्या पोरांना आता पंचेचाळिशी गाठल्यावर बालपणाचा पुळका येतो, म्हणून कुठल्याशा कंपनीने सगळे सव्वीस भाग सहा डिस्कवर काढले होते. धनश्रीने पैसे भरून ते मागवले. तिला त्या यानाशी फारसं देणंघेणं नव्हतं. तिला त्यातली नायला बघायची होती, यानाची मेकॅनिक, पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट घालणारी मुलगी.

आणि नायला त्या मालिकेत नव्हतीच. ती राघोने आपल्या मनाने घातली होती.

आता हे वाचून कोणी म्हणेल, एवढंच ना? तेहतीस वर्षांपूर्वी बापाने पोरीला थाप मारली, सांगून टाकायचं, हसायचं, चहा प्यायचा. पण धनश्रीचं कडोदऱ्याला हायवेच्या कडेला दुकान आहे. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापडाच्या नव्या लूममध्ये जी इलेक्ट्रॉनिक कार्डं असतात, ती बिघडली की आसपासचे कारखानदार तिच्याकडे घेऊन येतात. डाव्या पायात पोलिओमुळे लावलेला, लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून रोज जाते-येते. लग्नाचं जमलं नाही आणि तिने त्याचा बाऊ केला नाही. दुकानावर पाटी आहे: 'नायला इलेक्ट्रॉनिक्स'. नाव असं का, असं कोणी विचारलं की ती हातातलं सोल्डरिंगचं काम बाजूला ठेवून सांगते, लहानपणी एका मालिकेत अशी मुलगी होती, तिच्यामुळे मी ही झाले. एकदा गुजराती पेपरात तशा चार ओळीही आल्या. येत्या रविवारी दुकानाला पंधरा वर्षं पुरी होत होती. तिच्याकडे काम शिकणाऱ्या मनीषा आणि सोनाली घरी जेवायला येणार होत्या, आणि जेवणानंतर त्यांना नायला दाखवायची होती. तोवर रोज संध्याकाळी एक डिस्क, शनिवारपर्यंत सहाही बघून नायलाचे भाग शोधून ठेवायचे, असा धनश्रीचा बेत होता.

राघोच्या हातात सहा दिवस होते.

हे झालं कसं, तेही ऐका. एक्याण्णव साली गल्लीत रंगीत टीव्ही एकच, किराणा दुकानवाल्या बन्सीलालचा, आणि तो माडीवर. माडीला लाकडी जिना, शिडीसारखा उभा. बारा वर्षांची धनश्री पहिल्याच रविवारी त्या जिन्यावर अर्ध्यात अडकली. खालून पोरं हसली, वरूनही हसली. राघो म्हणाला, चल, उचलून नेतो. "मी काय गव्हाची गोणी आहे?" असं म्हणून ती घरी आली ती पुन्हा तिकडे गेली नाही. पण रविवार सकाळ झाली की दारात बसून जिन्याकडे बघायची. ते राघोला बघवेना. तो म्हणाला, मी जाऊन बघून येतो आणि तुला जशीच्या तशी सांगतो.

म्हणायला काय जातं! त्याला तेव्हाही ऐकू येत नव्हतं.

सतराव्या वर्षी शिरपूरकडून सुरतेला आला तेव्हापासून तो लूमवर. एका शेडमध्ये शंभर-शंभर लूम एकदम खडखडतात, बारा-बारा तास. पाच वर्षांत कानात शिट्टी सुरू झाली, दहा वर्षांत शब्द गेले. आवाज यायचा, पण तो नुसता आवाज, त्यातून बोलणं निघायचं नाही. कारखान्यात त्यावाचून कोणाचं अडत नाही, कारण तिथे धडधाकट कानाच्या माणसालाही ऐकू येत नाही. सगळे ओठ बघतात. पलीकडच्या रांगेतल्या ओडिया माणसाच्या ओठांवरून राघोला कळायचं की धागा तुटला, की चहा आला, की मास्तर इकडेच येतोय. बाहेरही समोरासमोर निभावून जायचं. हे फक्त सरलाबाईला माहीत होतं. बाकी सगळ्यांपासून त्याने लपवलं, कारण गल्लीत त्याला आधीच 'लंगडीचा बाप' म्हणायचे. त्यात बहिरा आणखी कशाला? एका घरात एक पुरे, असं त्याचं म्हणणं.

तेव्हा तो रात्रपाळी संपवून, तांबारलेल्या डोळ्यांनी, मोठ्या ऐटीत बन्सीलालची माडी चढला. ओठ वाचण्यात आपला हात कोण धरणार? आणि पडद्यावर माणसं बोलायला लागली. राघो बघतच राहिला. हे ओठ हिंदीत नव्हते, मराठीत नव्हते, गुजरातीत नव्हते, ओडियात नव्हते. तोंड बंद व्हायचं आणि तरी खोलीतली माणसं हसायची. कप्तान अर्धा मिनिट जबडा हलवायचा आणि त्यातून एक शब्द हाती लागेल तर शपथ. राघोने विचार करून ठरवलं की ही आभाळातली माणसं, यांची भाषा वेगळी असणार, आणि खोलीतल्या कोणालाच काही कळत नाहीये, लाजेकाजेस्तव सगळे माना डोलावतायत. ओठ इंग्रजी बोलत होते आणि हिंदी आवाज वरून चिकटवला होता, हे त्याला सरलाबाईने पुष्कळ वर्षांनी सांगितलं. सांगताना ती पोट धरून हसत होती.

पण त्या दिवशी तो घरी आला तेव्हा पोरगी दारातच बसलेली. "सांगा आबा." आता काय सांगणार? यान उडालं, म्हणाला. मग बंद पडलं. मग पुन्हा उडालं. पहिला रविवार असा निभावला. दुसऱ्यालाही तेच. मग शनिवारी अपंगांच्या शिबिरातून धनश्रीचा कॅलिपर आला, आणि तिने तो एकदा घालून बघितला आणि गव्हाच्या कोठीमागे फेकून दिला. दोघांनीही समजावलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

तिसऱ्या रविवारी राघो बन्सीलालकडून उतरला तो नायलाला घेऊनच. नाव त्याने कारखान्यात आलेल्या नायलॉनच्या सुताच्या खोक्यावरून उचललं. आभाळात माणसाला वजन नसतं, तो सांगायला लागला, सगळे नुसते तरंगतात, कटलेल्या पतंगासारखे. कप्तान तरंगतो, डॉक्टर तरंगतो, एकाचंही पाऊल ठरत नाही. पण नायलाच्या पायात लोखंड आहे, आणि यानाला चुंबक. ती एकटी पाय रोवून चालते. यान बिघडलं की बाहेर जाऊन दुरुस्त करायला तिलाच पाठवतात, बाकीच्यांना जमतच नाही.

संध्याकाळी धनश्रीने कोठीमागून कॅलिपर ओढून काढला, त्याची धूळ पुसली आणि पट्टे आपल्या हाताने बांधले.

मग चोवीस रविवार नायला चालली. गल्लीतली पोरं म्हणायची, अशी कोणी नाहीच त्यात. धनश्री त्यांच्याशी भांडून यायची. राघो सांगायचा, अगं ती डोक्यावर टोप घालते, या गाढवांना काय ओळखू येणार! आणि धनश्रीने विश्वास ठेवला. बापाने डोळ्यांनी पाहिलं होतं ना!

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला धनश्री आली. हातपाय धुवायच्या आधी तिने खोकं फोडलं. झाकणावर सात चेहरे होते.

"नायला नाहीये कव्हरवर," ती राघोकडे वळून म्हणाली. "साइड रोल असेल."

"असेल," राघो म्हणाला.

भंगारातून आणून नीट केलेला डीव्हीडी प्लेअर तिने टीव्हीला जोडला. पहिला भाग लागला. पुठ्ठ्याच्या भिंती हलताना दिसत होत्या, आणि ती खूश होऊन हसत होती. राघो टीव्हीकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. दुसरा भाग झाला. तिसरा लागला तेव्हा ती पुढे सरकून बसली. भाग संपला. तिने रिमोटने तो पुन्हा मागे नेला, दोनदा.

"आबा, तिसऱ्या रविवारी आली म्हणाला होतात ना?"

"चौथ्याला असेल. इतकी वर्षं झाली." झालं, एक नवी थाप.

मंगळवारी दुसरी डिस्क सापडेना. धनश्रीने सगळं घर उपसलं. राघोही शोधत होता, पलंगाखाली वाकून वाकून, आणि वाकल्यावर खालीच थांबत होता. शेवटी सरलाबाई दळणाला गहू काढायला गेली आणि थाळीत गहू आणि गव्हावर चकाकणारी डिस्क घेऊन बाहेर आली. तिने राघोकडे अशी नजर टाकली की त्यापेक्षा तो चुलीत गेला असता तर बरं.

"उंदीर नेतस आजकाल," ती लेकीला म्हणाली.

धनश्रीने डिस्क मऊ फडक्याने पुसून लावली. चार भाग झाले. नायला आली नाही.

बुधवारी राघोने प्लेअरची वायर आतून ओढून ठेवली. ज्या बाईकडे आख्खा कडोदरा बिघडलेली कार्डं घेऊन येतो, तिच्यापुढे ही अक्कल! तिने वायर दातांनी सोलली आणि तीन मिनिटांत जोडली. "कोणीतरी ओढलीये," ती म्हणाली. राघो पंख्याकडे बघत बसला. नायला त्याही दिवशी आली नाही.

पण धनश्रीला बापाचा संशय आला नाही, हेच तर राघोला भाजत होतं. तिला कंपनीचा राग आला. यांनी भाग कापलेत, ती म्हणाली, खर्च वाचवायला. आणि नायलाची बाजू घेऊन बोलायला लागली, जणू सख्ख्या बहिणीचा हिस्सा कोणी दाबलाय. "यान ॲल्युमिनियमचं असतं आणि त्याला चुंबक चिकटत नाही, हे मला आयटीआयमध्येच कळलं होतं, आबा. तरी मी म्हटलं, त्यांनी काहीतरी जुगाड केला असेल. मी तिला तेवढं माफ केलं ना! आणि हे लोक तिला कापून टाकतात?"

गुरुवारी तिने कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी गोड बोलली, सव्वीसच्या सव्वीस भाग पूर्ण आहेत म्हणाली. मग धनश्रीने मोबाइलवर 'ध्रुवयान'च्या चाहत्यांचा एक ग्रुप शोधला, तीन हजार माणसांचा, आणि तिथे लांबलचक लिहिलं. नायला कशी होती, पायात काय होतं, यान बंद पडायचं तेव्हा काय करायची, आपल्या दुकानाचं नाव काय. कोणाला आठवते का?

उत्तरं शुक्रवारी आली. ती चहा करायला आत गेली तेव्हा फोन पलंगावर उघडाच होता, आणि राघोने तो उचलला. त्याला हिंदी वाचता यायचं, सावकाश. एकाने लिहिलं होतं, दीदी, तुम्ही दुसरी कुठली मालिका बघत होता. एकाने लिहिलं होतं, स्वप्नात आली असेल. कोणी विचारलं होतं, आभाळात पोलिओची मेकॅनिक? आणि खाली हसणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांगच्या रांग. एकाने लिहिलं होतं, ही सगळी दुकानाची जाहिरात आहे. आणि प्रत्येकाला धनश्रीने नीट, न चिडता उत्तर दिलं होतं. शेवटचं असं: माझ्या वडिलांनी स्वतः पाहिलंय, ते खोटं बोलत नाहीत.

राघोने फोन जागेवर ठेवला. पुन्हा सगळे त्याच्या पोरीला हसत होते, आणि या वेळी तिला तिथे त्यानेच चढवलं होतं.

"आते तरी सांगी टाका," सरलाबाई दुपारी त्याच्यासमोर बसून म्हणाली. शनिवार होता, लेक दुकानात होती. "आज ना उद्या तिले समजीच."

"कसं सांगू तिले?" राघो म्हणाला. "मन्ही गोठ धरीसन उभी ऱ्हायनी ती."

आपली गोष्ट धरून ती उभी राहिली, हेच त्याच्या मनातलं भय होतं. दुसरं कशाचं त्याला नव्हतं. ती चिडली तर चिडू दे, चार दिवस बोलली नाही तरी चालेल. पण पंचेचाळिसाव्या वर्षी तिला कळणार की पायाखालची जमीनच बापाने बनवलेली होती. मग यापुढे तो तिला काही म्हणाला, तू धीट आहेस, तुझं काम चोख आहे, तर ती त्यातलं खरं किती धरील? त्याने सरलाबाईला शब्द दिला की संध्याकाळी शेवटची डिस्क लागायच्या आधी सांगतो. मग दुपारभर ओट्यावर बसून वाक्यं जुळवली. एकही जुळलं नाही.

संध्याकाळी धनश्री आली ती डिस्क न लावता त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"आबा, आता तुम्हीच बोला. मी व्हिडिओ काढते आणि ग्रुपवर टाकते. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, तुमच्यापुढे कोणाचं काय चालणार? मी विचारीन तेवढंच सांगायचं. चालशे ना?"

तिने फोन वर धरला, आणि तो नेमका तिच्या तोंडासमोर आला. राघोला तिचे डोळे दिसत होते, कपाळ दिसत होतं, ओठ दिसत नव्हते. तिने काहीतरी विचारलं. कानात नेहमीचा भुरभुरता आवाज आला आणि गेला.

"हो," राघो म्हणाला.

तिने आणखी काही विचारलं.

"हो. हो."

तिच्या भुवया जवळ आल्या. मग तिच्या लक्षात आलं. तिने फोन खाली घेतला, जीभ चावली. "सॉरी आबा, तोंड झाकलं गेलं. मी विचारलं, तिचं काम काय होतं? पुन्हा करूया." फोन या वेळी तिने छातीशी धरला. त्याच्या मागच्या भिंगाचा काळा ठिपका राघोकडे बघत होता, आणि राघोला वाटलं की तीन हजार माणसं त्या ठिपक्यात दाटीने बसली आहेत, हसायला टपून.

"बंद कर ते," तो म्हणाला.

"काय व्हयनं?"

"बंद कर, धनू. ती नव्हती. नायला नव्हतीच त्यात. मी घातली तिले."

धनश्रीने फोन मांडीवर ठेवला. "घातली म्हणजे?"

"मनाने. तो कॅलिपर तू फेकला व्हता ना, म्हणीसन. माले काय माहीत त्यामा काय चाललंय ते! माले तवयबी आयकू ये नही, बेटा."

तेव्हाही ऐकू येत नव्हतं. वाक्य तोंडातून गेलं आणि राघो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिथे राग येईल तो येऊ दे, अशी मनाची तयारी करून. राग आला नाही. ती काहीतरी मोजत असल्यासारखी बघत होती.

"एक्याण्णवला?" तिने विचारलं. "तेव्हा तुम्ही चौतीस वर्षांचे होता. तुमचे कान तर आत्ता आत्ता गेले, काम सोडल्यावर."

"नही. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीपाईन." मग त्याला राहवेना. "दुकाननी पाटी काढी टाकू का आपन? मी येस, मी काढस."

"पाटीचं राहू द्या," ती म्हणाली. बोलली तेही कुठेतरी दुसरीकडेच लक्ष असल्यासारखं. सरलाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. धनश्रीने तिच्याकडे एकदा बघितलं, आणि आईच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की हे खरं आहे.

"मग सायकल?" धनश्रीने विचारलं.

राघोला शब्द कळला, प्रश्न कळला नाही.

"चौथीपासून सातवीपर्यंत तुम्ही मला सायकलवर शाळेत सोडायचे. उधन्यापर्यंत. मी मागे कॅरिअरवर. मी जाताना रोज बोलायचे तुमच्याशी."

"हं," राघो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं की तेव्हाही तो हेच म्हणायचा. ती पाठीमागे, ओठ कुठून दिसणार? "तुनं बोलनं थांबनं की पाठले समजे," तो हळूच म्हणाला. बोलणं थांबलं की पाठीला कळायचं. "मंग मी हं म्हनू."

त्याला वाटायचं पोरीची बडबड. बाईंनी काय शिकवलं, कोणाची पेन्सिल कोणी घेतली.

धनश्री आता सरळ त्याच्यासमोर वळली. एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली, जसं ती त्याच्याशी काही महत्त्वाचं असलं की बोलायची, त्याला न कळल्याचं सोंग घेता येऊ नये म्हणून.

"सातवीत होते. एका शनिवारी वर्गातल्या पोरींनी माझा कॅलिपर काढून संडासात टाकला. मी घरी सांगितलं नाही. सोमवारी सायकलवर तुम्हाला सगळं सांगितलं. मग म्हटलं, आबा, मला जगायचं नाही. तुम्ही म्हणालात, हं."

राघोने तोंडाशी आलेलं हं अडवलं.

"मग थोडं पुढे जाऊन म्हणालात, काल एक सांगायचं राहिलं. नायला बाहेर गेली होती आणि तिचा दोर तुटला. आतल्या सगळ्यांनी आशा सोडली. पण तिचा पाय यानाला चिकटलेला होता, त्यामुळे ती वाहून गेली नाही, रात्रभर तशीच उभी राहिली. आठवतं?"

त्याला आठवत नव्हतं. रस्ता लांब होता आणि चढावर काहीतरी बोलत राहिलं की पायांना बरं वाटायचं, एवढंच कारण असणार.

"मला वाटलं ते तुम्ही मला उत्तर दिलंत," धनश्री म्हणाली. "मी तेवढ्यावर राहिले, आबा. नायला खरी की खोटी, त्याचं काही नाही हो. पण मला वाटत होतं, ते कोणीतरी ऐकलंय. मी आईला नाही सांगितलं, कोणालाच नाही, कारण एकदा तुम्हाला सांगून झालं होतं."

मग तिने तोंड फिरवलं आणि खिडकीकडे बघायला लागली. तिचे खांदे हलत होते. ती रडत होती की अजून बोलत होती, हे राघोला मागून कळेना. इतकी वर्षं त्याला कोणाच्याही बोलण्याची भीती वाटली नव्हती, आता न दिसणाऱ्या त्या तोंडाची वाटली. पोरगी त्याच्या पाठीला टेकून मरणाच्या गोष्टी बोलत होती, आणि तो पायडल मारत हं म्हणत होता. कान गेल्याचं त्याला आयुष्यात वाईट वाटलं नव्हतं, ते आज एकदम वाटलं. किती वाटलं ते त्यालाच ठाऊक.

तो पलंगाचा आधार घेऊन उठला, स्टुलाला वळसा घालून खिडकीपाशी गेला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. गुडघे मोडल्यासारखे वाजले, तेही त्याला ऐकू आले नाहीत. त्याने तिची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला.

"इकडे दख, माय," तो म्हणाला. "आते सांग. पहिलेपाईन सांग, चार वरीसनं सगळं."

"सगळं कसं आठवेल, आबा?"

"जेवढं याद शे तेवढं."

सरलाबाईने आत जाऊन गॅस बंद केला. धनश्रीने ओढणीने नाक पुसलं, फोनवरचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं आणि फोन उलटा ठेवला.

"चौथीचा पहिला दिवस होता," ती म्हणाली, आणि राघोने तिच्या ओठांवरून नजर हलवली नाही.